राउटरला मी हात लावला नव्हता

मंगळवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलंय. ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड बदलायचा होता, पण राउटरच्या सेटिंगचं पान उघडेचना. नेटवर्कचं काम बघणाऱ्या गणेशला फोन केला, तर म्हणाला, "मॅडम, तुम्हीच कशाला तरी हात लावला असेल." फोन स्पीकरवर होता; ते ऐकून साहेब सगळ्यांदेखत मला बोलले. अरे, मी कशाला हात लावू?

शेवटी लॅपटॉपला केबल जोडली, तेव्हा पान उघडलं. वायफायवरून ते उघडणं बंद करून ठेवलेलं. गणेशला पुन्हा फोन. "हां, ते मीच बंद केलं हुतं. सेफ्टीसाठी."

साहेब म्हणाले, "झालं ना काम?" झालं कसं? मी हललेच नाही. "सर, चूक माझी नव्हती, हे सगळ्यांना सांगा."

सांगितलं त्यांनी. पण मॉनिटरकडे बघत.