बोटीवरची दोघींची खोली

ता. ९ जुलै, मंगळवार, दुपार

वन्सं,

नाही, वेड लागलेलं नाही. आणि बहिणींशी भांडणही झालेलं नाही. रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "वहिनी, तुला तीन सख्ख्या बहिणी असताना बोटीवर मलाच कशाला नेतेस?" आणि मी "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" म्हणत फोन ठेवून दिला. आवाज चांगला खणखणीत येत होता. तुमचा आवाज कधी तुटलाय का?

तर आता नमस्कार. गुडघे कसे आहेत, डोळ्यांत थेंब घालता का, हे सगळं विचारलं असं समजा. फोनवर माझं तोंड फार चालतं आणि कामाचं तेवढं राहून जातं, म्हणून कागद घेऊन बसलेय. अक्षर गावच्या शाळेचं आहे, तेही चारच यत्तांचं. चष्मा पुसून घ्या.

आधी बातमी. बोटीचं पक्कं झालं. डिसेंबरात, पाच दिवस. तुमच्या भाच्याने संगणकावर तक्ता केलाय. कोण कुठल्या खोलीत, कोणाला काय चालत नाही, कोणाला बोट लागली तर गोळी कोणाच्या पर्समध्ये. त्याच्या बापाने एकतीस वर्षं क्रेनवर बसून दुसऱ्यांच्या बोटी भरल्या, कागदाचा एक कपटा लागला नाही. हा घरची सात माणसं बोटीत चढवायला सात पानं छापतो!

काल जेवणाच्या टेबलावर सभा भरली. तुम्ही असायला हव्या होतात. थोरली नात तेवीस वर्षांची, तिला खोली एकटीची हवी. उंट एकोणीसचा. अजून वाढतोय मेला, परवा पंख्याला डोकं लागलं. त्याला खोली कसलीही चालेल, इंटरनेट हवं. चिमणी पंधराची. तिला रात्री एकटीने फिरायचंय.

"एकटीने? समुद्रात?" सूनबाई उठूनच उभी राहिली.

"आई, बोट आहे ती. पळून जाणार कुठे मी?"

"मग फिरणार तरी कुठे?" मी विचारलं.

"आजी, तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?"

"बोटीवरच्या पोहायच्या तलावाकाठची आडवी खुर्ची जो मला धरून ठेवील त्याच्या."

शेवटी तह झाला. दिवसभर ज्याने त्याने आपलं बघायचं, उंटाने दिवसभर झोपायचं असेल तर झोपायचं, कोणी कोणाला उठवायचं नाही. पण संध्याकाळी सात वाजता सगळ्यांनी एका टेबलावर, आणि फोन सूनबाईच्या पिशवीत. यावर उंट म्हणतो, "फोन नाही तर जेवताना बोलायचं काय?"

मी म्हटलं, "बाळा, तुझ्या आजोबांनी लग्नानंतर सहा महिने मला हेच तोंड करून दाखवलं होतं."

मग आली अडचण, आजीच्या खोलीत कोण. वन्सं, तिघंही एकदम छताकडे बघायला लागली. चिमणीने माझं घोरणं फोनमध्ये भरून ठेवलंय, मैत्रिणींना ऐकवते. उंट म्हणाला, "आजी झोपली की बोटीचा भोंगा ऐकू येणार नाही." मी सगळ्यांना पुरतं लाजू दिलं, आणि मग सांगितलं, माझ्याबरोबर आत्याआजी. टाळ्या वाजवल्या हो कार्ट्यांनी! तुमच्यावर जीव आहेच त्यांचा, पण त्या टाळ्या सुटकेच्या होत्या, उगाच खोटं कशाला बोलू.

आठव्या मजल्यावर मधोमध खोली आहे. मधे बोट कमी डुलते म्हणे. दोन पलंग, आणि भिंतभर खिडकी. भाचा तुमचा म्हणत होता, "आई, तू दिवसभर गप्पा मारत बाहेर असणार. तुला खिडकी कशाला?" मी म्हटलं, खिडकी माझ्यासाठी नाहीच. त्याने तक्त्यात काहीतरी खूण केली.

हे सगळं आत्ताच का, तेही सांगते. थोरलीला नोकरी लागली, लांबच्या शहरात. जानेवारीत जाते. उंटही पुढच्या वर्षी बाहेर शिकायला जायचं म्हणतोय. मग ही सगळी एका टेबलाशी परत कधी बसतील देव जाणे. थोरलीला नोकरीचं कळलं तेव्हा ती माझ्याच शेजारी बसून शेंगा सोलत होती. फोन टिंग वाजला, तिने वाचलं आणि किंचाळली. झालं! ना पोस्टमन, ना पाकीट. मी म्हटलं, किती बरं आहे तुमचं, थेट तुमच्याच हातात पडतं. ती म्हणाली, "मग काय आजी, दुसऱ्या कोणाच्या हातात पडणार?" मी शेंगा सोलत राहिले.

तेव्हापासून मला आपली जुनी गच्ची आठवतेय.

मी लग्न होऊन आले ती गुरं धुवायच्या तळ्यापलीकडे पाणी न पाहिलेली. तुम्ही पहिल्याच आठवड्यात ओल्या कपड्यांची बादली माझ्या हातात दिलीत आणि वर नेलंत. बंदराकडे हात करून म्हणालात, "पिवळ्या धुराड्याची मालाची, पांढरी दिसली की माणसांची." चिमटे तोंडात धरून बोलायचात, त्यामुळे अर्धं कळायचं नाही, पण मी मान हलवायचे. सासूबाई खालून हाका मारायच्या आणि तुम्ही म्हणायचात, "वहिनीचं चुकत नाहीये आई, मीच थांबवलंय तिला." हे वाक्य दिवसातून चारदा तरी. मी दूध उतू घालवायचे, पातेलं करपवायचे, आणि प्रत्येक वेळी तुम्हीच मला थांबवलेलं असायचं. त्या घरात मी हसायला शिकले ती तुमच्यामुळे. शिवणाचं मशीन चालवायला शिकले तेही तुमच्यामुळे, पायाचा ताल बसेना तेव्हा माझ्या पायावर पाय ठेवून शिकवलंत.

आणि ती मुलाखत आठवते? पांढऱ्या बोटीवर चादरी-पडदे शिवायला, सांभाळायला बाई हवी होती. तुम्ही कोणाला न सांगता अर्ज केलात, फक्त मला सांगितलंत. परत आलात ते नाचतच. एका बाईने हातात घड्याळ धरून समोर टेबलावरचं कापड शिवायला लावलं, तुम्ही अकरा मिनिटांत चारी बाजू दुमडून दिल्यात. मग गच्चीवर मला दाखवलंत, डुलत्या बोटीवर चादरींची चळत घेऊन कसं चालायचं ते. ओल्या कपड्यांची बादली डोक्यावर, पाय फाकवलेले, इकडे झुक, तिकडे झुक. मी पोट धरून खाली बसले. सासूबाई ओरडल्या, "वर कोण नाचतंय गं?" आणि तुम्ही ओरडलात, "समुद्र!"

चोवीस वर्षांच्या होतात तुम्ही. आपली थोरली आत्ता आहे त्याहून एकाने मोठ्या. परवा ती फोन हातात धरून उड्या मारत होती, तेव्हा मला ती दिसतच नव्हती.

मग पत्राची वाट. कामावरून आलात की आधी दाराजवळच्या फळीवर हात फिरवायचात आणि मग चपला काढायचात. महिना गेला, दुसरा गेला. मी एकदा धीर करून म्हटलं, "कचेरीत जाऊन विचारा की." तुम्ही म्हणालात, "बोलवायचं असतं तर बोलावलं असतं. मी दारात जाऊन उभी राहणार नाही." मानी तर होतातच, नाक आधी आणि तुम्ही मागून. मला तुमचं नाक चांगलं ठाऊक होतं. तुम्ही जाणार नाही हे मला ठाऊक होतं.

पुढे इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत लागलात, तेहतीस वर्षं तिथेच. "बोटीची काय नि इस्पितळाची काय, चादर ती चादर," असं म्हणालात आणि विषय बंद केलात. गच्चीवर कपडे वाळत घालायला मात्र परत आला नाहीत. ते काम माझ्याकडे आलं. मला वाटायचं, कधीतरी याल.

माझी दोन्ही बाळंतपणं तुम्ही केलीत. हे गेले तेव्हा महिनाभर माझ्या पलंगाशेजारी जमिनीवर झोपलात. तुम्ही डोक्यावरून हात फिरवलात की मी जास्तच रडायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "रड, भावाचं दुःख मलाही आहे." ते सगळं रडणं त्यांच्यासाठी नव्हतं, वन्सं.

आणखी एक. मागच्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही मला कपाटातून विम्याचे कागद काढायला सांगितलंत. खालच्या खणात रबर लावलेले तीन पासपोर्ट होते. एक जुना, दुसरा त्याहून थोडा कमी जुना, तिसरा अजून चालणारा. तिन्हींत एक शिक्का नाही. मुदत संपली की नवा काढत राहिलात आणि गेलात कुठेच नाही. मी रबर परत लावलं, विम्याचे कागद आणून दिले, आणि तुमच्या प्लॅस्टरवर मिशावाला माणूस काढून डॉक्टरांची बोलणी खाल्ली. दुसरं काय करणार होते?

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बहिणींना नाही नेत, कारण बहिणींचं मी काही घेतलेलं नाही.

मी मनात असं ठरवलं होतं की बोटीवर गेल्यावर, किनारा दिसेनासा झाला की, त्या खिडकीशी बसून तुम्हाला सगळं सांगायचं. तिथून तुम्ही उठून जाल कुठे? चिमणी म्हणाली तशी, पळायला जागाच नाही. चांगली लबाडी होती. पण एक लबाडी झाकायला दुसरी, आणि तीही तुम्हाला पाण्याच्या मधोमध कोंडून, हे माझ्या गळ्याखाली उतरेना. शुक्रवारी भाचा तुमचं नाव आणि पासपोर्टचा नंबर भरणार आहे. तुम्ही त्याला सांगाल तेच तो भरील. हे पत्र उद्या तुमच्या हातात पडेल. वाचा आणि मग सांगा. नाही म्हणालात तर पोरांना मी काहीतरी थाप मारीन, ते मला येतं.

आता पटकन लिहिते, नाहीतर चहाची वेळ होईल आणि मला पुन्हा काहीतरी गंमत सुचेल.

पत्र आलं होतं. मुलाखतीनंतर अठराव्या दिवशी. तुम्ही कामावर होतात, सासूबाई झोपल्या होत्या, पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं. पाकिटावर पांढरी बोट छापलेली होती. मी फोडलं, एकेक अक्षर लावत वाचलं. तुमची निवड झाली होती, एक तारखेला धक्क्यावर बोलावलं होतं. मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं. बारा दिवस तुम्ही फळीवर हात फिरवत होतात आणि मी बघत होते. एक तारखेला ती बोट गेली, आपण दोघी गच्चीवर होतो, तुम्ही तिला हात केलात. तुम्ही खाली गेल्यावर मी पत्र स्टोव्हवर जाळलं. मला वाचता आलं नाही असं नाही. विसरले असंही नाही. तुम्ही गेलात तर त्या घरात मी एकटी पडले असते, म्हणून मुद्दाम जाळलं.

तुमच्या भावाची बायको