चौथं बटण

बालाघाट,
११ डिसेंबर २०२५

ती. अंजूताईस,

लोकेशचा नमस्कार. भाऊजी बरे असतील. 'भाऊजी' मी पहिल्यांदाच लिहितोय, हसू नकोस. इथे सकाळी इतकं धुकं असतं की अंगणातली तुळससुद्धा दिसत नाही. आईला तर आता उन्हातही तसंच दिसतं.

तू पाकीट उघडलंस, हेच खूप. फोनवर तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहेस.

नागपूरच्या कंपनीचं काम मी अजून घरूनच करतो. आमच्यात सॉफ्टवेअर एका दमात पुरं करत नाहीत. दोन आठवडे राबायचं, जेवढं झालं तेवढं वापरणाऱ्याच्या हाती द्यायचं, तो कुरकुरला की तिथून पुढचं ठरवायचं. आईच्या फोनसाठी मी असंच एक अ‍ॅप करायला घेतलं. मोठमोठी बटणं, दाबली की बोलतात.

पहिलं बटण वेळ सांगणारं. आई म्हणाली, "टाइम समजून मी काय करू? लांजीची बस कवा सुटते, थे सांगते का हे?"

दोन आठवड्यांनी बसचं बटण दिलं. ऐकून म्हणाली, "लांजीले थंडी किती हाय, हे बी सांगाले पायजे." तेही दिलं. तेव्हापासून ती कोवळ्या उन्हात फोन कानाला लावून, डोळे मिटून बसते. तुझ्या लांजीत अकरा डिग्री, असं ऐकते आणि पुटपुटते, "अंजू शाल घेतच नाही." जणू तू फाटकाशीच उभी आहेस.

मी मठ्ठच, ताई. तीन बटणं झाली तरी तिला काय हवंय ते मला कळलं नाही. की कळलं होतं?

चौथं तिने सरळच मागितलं. "अंजूले फोन लागन असं कर." बटण केलं, पण त्यात तुझा नंबर टाकला नाही. काम बाकी आहे म्हणालो. ती म्हणाली, "आतावरी अर्धं बी दाखवत होता. आता काहून लपवून राह्यला?"

ताई, तू आपल्या मनाने लग्न केल्यावर मी तुला सांगितलं होतं ना, आईला तुझं तोंडही पाहायचं नाही म्हणून? आई असं कधीच म्हणाली नव्हती. लाज मला वाटत होती, लोकांची. आणि आईला सांगितलं, अंजूच बोलायला तयार नाही. चार वर्षं तुम्ही दोघी माझ्या खोट्यापायी एकमेकींवर रुसून बसलात.

आज नंबर टाकला. येत्या एकवीस तारखेला, रविवारी सकाळी, आईला हे सगळं सांगतो आणि फोन तिच्या हातात देतो.

तिचा नंबर नवा आहे, अनोळखी दिसेल. तरी उचल. मला शिव्या नंतर दे. आधी तिला सांग, शाल घेतली आहे म्हणून.

भाऊ म्हणवून घेण्याइतका उरलो असेन तर तुझाच,
लोकेश