पहिला ग्लास

३ फेब्रुवारी

आज न्याहारीच्या वेळी आमच्या घरी लोण्याचं देहावसान झालं. मृत्यूसमयी ते टोस्टवर होतं. मागे एक सुरी आणि बावन्न वर्षांचा एक इसम असा परिवार आहे. अंत्यविधी हिनं उभ्याउभ्याच उरकला. टोस्ट बाबांच्या ताटलीत सरकवला, माझ्यापुढे कोरडा पाव ठेवला आणि म्हणाली, "चावून खा." शोकसभा नाही, हार नको.

कारण — पोट. गेलं वर्षभर ते गुरगुरत होतं, फुगत होतं, भलत्या वेळी पळवत होतं. मी इमानेइतबारे हिच्या मसाल्याला दोष देत होतो. काल डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून सांगितलं की दूध पचत नाही तुम्हाला. दूध, दही, लोणी, साय, चीज, सगळं बंद. वय झालं की काहींचं होतं असं. वय! बाई स्वतः शाळा सुटून थेट दवाखान्यात आल्यासारख्या दिसत होत्या.

व्यवसाय काय, त्यांनी विचारलं.

म्हटलं, दुधाचं दुकान.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पेशंटला हसायचं नाही असं त्यांना कॉलेजात शिकवलं असणार. शिकवणारा कच्चा होता.

बाबांना हे सांगितलं नाही, मला कोलेस्टेरॉल झालंय म्हटलंय. ते त्यांना चालतं. सभ्य लोकांचा रोग आहे.

४ फेब्रुवारी

दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण ज्यानं केली त्याला माझं घर दाखवायला हवं. खाली दुकानात दुधानं काठोकाठ भरलेले कॅन, वर मालक कोरडा पाव चावतोय.

पण खरी पंचाईत पावाची नाही. ग्लासाची आहे.

बाबांनी दुकान काढलं तेव्हा सुट्या दुधावर कुणाचा विश्वास नव्हता. पाणी असेल, पावडर असेल. म्हणून त्यांनी रीत घातली — शटर उघडायचं, पहिल्या कॅनमधून काचेचा ग्लास भरायचा आणि मालकानं तो रांगेसमोर रिकामा करायचा. त्यानंतरच पहिलं माप. 'आधी मालक, मग गिऱ्हाईक' असं भिंतीवर रंगवूनही घेतलं. त्यांचे गुडघे गेल्यापासून ग्लास माझ्याकडे आला. ते दारात खुर्ची टाकून बघत बसतात. समोर पिशवीच्या दुधाचं चकचकीत दुकान निघालं तरी आमची रांग हलली नाही, ती या ग्लासामुळे. दूध काय, सगळीकडे पांढरंच असतं. लोक ग्लास बघायला येतात.

आज प्यायलो. त्याआधी डॉक्टरीणबाईंची गोळी घेतली होती. गोळीनं काहीही केलं नाही. ग्लासानं सगळं केलं. तासभर दुकान बाबांनी खुर्चीतून चालवलं आणि मी दुकानामागच्या त्या छोट्या खोलीत आयुष्याचा विचार करत बसलो.

६ फेब्रुवारी

स्वयंपाकघरात नवी राजवट आली आहे. हिनं पर्याय आणलेत. सोयाचं दूध — ओला पुठ्ठा. ओटचं दूध — घोड्यानं अर्ध्यावर टाकलेलं. बदामाचं दूध — बदाम ज्या पाण्यात हात धुऊन गेले ते. चीजचाही पर्याय आहे. तो वितळत नाही, नुसता खचतो. पाकिटावर ठळक छापलंय, 'उत्तम पर्याय'. लग्नात नवरदेव आला नाही म्हणून त्याच्या चुलतभावाला उभा केला तर तोही पर्यायच.

आणि नको तिथे दूध आहे! बिस्किटात आहे. पावात आहे. सुपाच्या पाकिटात आहे. बटाट्याच्या वेफर्सवर जी पूड असते तिच्यातसुद्धा आहे. ही चष्मा लावून प्रत्येक पाकिटाच्या पाठीवरची मुंगीअक्षरं वाचते आणि एकेक वस्तू माझ्या हातातून काढून घेते. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं दोन्ही बंद. मी फुंकू काय?

८ फेब्रुवारी

सोयाचं दूध कॉफीत फाटलं. मग मीही.

९ फेब्रुवारी

जेवायला बटाट्याचं सूप. साय नाही, लोणी नाही. जनावराला घालतात तसलं काहीतरी येणार म्हणून मी मनात दोन चांगले टोमणे तयार ठेवले होते. वाया गेले. सूप दाट, मऊ, किंचित गोडसर.

काय घातलंस, विचारलं. म्हणाली, भात मऊ शिजवून वाटून घातलाय. आणि कांदा तेलात मंद आचेवर खूप वेळ परतायचा, घाई करायची नाही.

"बरं आहे," म्हटलं. त्यापुढे जायची माझी तयारी नव्हती. दुसरा वाडगा घेतला तो निव्वळ खात्री करून घ्यायला.

एवढ्याशा दिवसांत ही हे सगळं शिकली कुठून? मोबाइलवरून असणार. हल्ली माणसं मोबाइलवरून विमानंसुद्धा उडवतात.

१० फेब्रुवारी

ग्लास. पोट. छोटी खोली. बाबा म्हणाले, कोलेस्टेरॉल इतकं पळवतं का रे?

११ फेब्रुवारी

आज मी गुन्हेगार झालो.

बदामाच्या दुधाचं पाकीट काउंटरखाली लपवलं. शटर वर. कॅनचं झाकण उघडलं, ग्लास घेऊन खाली वाकलो, चमचा पडल्याचं नाटक केलं, आणि उठलो तो भरला ग्लास हातात. रांगेसमोर घटाघटा प्यायलो. पांढरं ते पांढरं. कुणाला कळलं नाही. पोट दिवसभर साधूसारखं शांत.

इतकं सोपं असतं तर लोक खरेपणानं का वागतात, कळत नाही.

१३ फेब्रुवारी

पेन्शनर. हा आमच्या रांगेतला कायमचा पहिला. जन्मभर लोकांचे हिशेब तपासले. निवृत्त झाल्यापासून तपासायला बिचाऱ्याकडे फक्त मी उरलोय.

आज ग्लास रिकामा करून ठेवला, तर त्यानं तो उचलून उजेडात धरला.

"मालक, दूध काचेला धरून राहतं. हे तर घसरून गेलं."

सगळी रांग ग्लासाकडे बघायला लागली. मी साबणाचं काहीतरी बोललो. नवीन साबण आणलाय म्हटलं. याहून मूर्ख कारण सुचलं असतं, पण वेळ कमी होता.

१५ फेब्रुवारी

रांग अर्धी झाली.

समोरच्या पिशवीवाल्याला काही करावंच लागलं नाही. गल्लीनंच सगळं केलं. 'मालक स्वतःचं दूध पीत नाही' इथून सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत 'मालकाला घरात थेंब चालत नाही, पाकिटं बघून घेतात' इथवर पोचलं. गंमत म्हणजे शब्द न् शब्द खरा. कोपऱ्यावरची शिंपीणबाई, जिच्या पोरांची वाढ आमच्या दुधावर झाली, ती माझ्यासमोरून पिशवी घेऊन गेली. पदराखाली झाकून. एवढी तरी लाज ठेवली म्हणायची.

दुपारी बाबांनी बोलावलं. खुर्चीतूनच.

"काय मिसळतोस?"

बावन्न वर्षांच्या मुलाला. सख्ख्या बापानं. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, पण त्यांनी अगदी हळू विचारलं, गिऱ्हाईकाला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणजे त्यांना खरंच तसं वाटत होतं.

सगळं सांगून टाकलं — पोट, रिपोर्ट, बदाम. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील.

"पोटाचं मी काय करू?" म्हणाले. "रांगेला पोट दिसत नाही. ग्लास दिसतो."

थोर माणूस. घरात असले की फार त्रास होतो.

१६ फेब्रुवारी

आज ग्लास भरला आणि तसाच काउंटरवर ठेवला. प्यायची हिंमत झाली नाही, लपवायची तर गेलीच होती. संध्याकाळी दोन कॅन उरले. ओतून दिले. बाबा बघत होते. दुकान असंच चाललं तर उन्हाळ्याआधी शटर कायमचं खाली येईल, हे दोघांनाही कळलं.

१७ फेब्रुवारी

सकाळी ही खाली आली. ओले केस, अंगावर घरातलीच साडी. कधी येत नाही या वेळेला. मी आजही भरून नुसताच ठेवलेला काउंटरवरचा ग्लास उचलला, डोळे मिटले आणि एका दमात रिकामा केला. मग पालथ्या हातानं ओठ पुसले आणि रांगेला म्हणाली, "ह्यांचं पोट बिघडलंय. दूध नाही बिघडलं. चला, भांडी पुढे करा."

पेन्शनरनं ग्लास उजेडात धरला. खाली ठेवला. भांडं पुढे केलं.

१९ फेब्रुवारी

रांग परत आली. सव्याज! शिंपीणबाई शेजारणीला घेऊन आली. आता ही गल्लीची नायिका आहे. 'वहिनींचं पिणं बघण्यासारखं,' पेन्शनर म्हणतो, 'डोळे मिटून, एका दमात. गोडी असल्याशिवाय माणूस असं पीत नाही.'

मी इतकी वर्षं प्यायलो. माझ्या डोळ्यांकडे कुणी बघितलं नाही.

बाबा तर भलतेच खूश. सुनेसाठी खुर्ची सरकवतात. माझ्यासाठी कधी पाय सरकवले नाहीत.

२१ फेब्रुवारी

हिला आता यश डोक्यात चढलंय. ग्लास झाला की लगेच वर जाते, बऱ्याच वेळानं येते. नट्यांना मेकअप उतरवायला वेळ लागतोच. सकाळची न्याहारीसुद्धा सोडली आहे. मी म्हटलं, लोक बघायला लागले की कंबर आठवते वाटतं. हसली नुसती.

माझं बरं चाललंय. आज भोपळा भाजून, वर लसूण आणि तेल. चीजची आठवण आली नाही. आली, पण उशिरा.

२३ फेब्रुवारी

हिची धाकटी बहीण जेवायला आली होती. नारळाच्या दुधातली अंडी, भात, भाजलेला भोपळा. पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगं ताई, हे तर तुझं नेहमीचंच जेवण! भाऊजीसुद्धा तुझ्या पंगतीला बसले की काय?"

मी विचारलं, नेहमीचं म्हणजे?

तोंडात घास ठेवूनच सांगायला लागली. ताईला लहानपणापासून दूध चालत नाही. वास आला तरी ओकारी. एकदा वर्गात दुधाची बाटली फुटली तर ताई घरी. शेजारच्या काकू चिडवायच्या, हिला दूधवाल्याकडेच द्या. आणि खरंच दिली! इथे आल्यावर तिनं युक्ती काढली. साय-लोणी घालायच्या आधी स्वतःपुरतं बाजूला काढून ठेवायचं. सगळ्यांचं झालं की ते खायचं. बाबा हसले. मेहुणी हसली. ही माझ्या वाडग्यात वाढत होती. वाडगा भरलेलाच होता.

मेहुणी गेल्यावर स्वयंपाकघरात गेलो. भांडी घासत होती.

"खरं आहे?"

"काय?"

"दुधाचं."

"हं. पहिल्यापासून."

"मग प्यालीस कशाला?"

"रांग उभी होती ना. तुम्ही बदामाचं पाणी घेऊन काउंटरखाली. मामंजींना गुडघे घेऊन उठवायचं का? कुणीतरी प्यायला हवंच होतं." पातेलं उपडं ठेवलं. "एवढं काही नाही. वर जाऊन ओकून टाकलं की दिवस मोकळा."

मी पातेलं पुसायला घेतलं.

"तेवढं कॅन आणणाऱ्या दूधवाल्याला सांगा," ती म्हणाली, "पहिला कॅन बर्फातला आण म्हणावं. गार असलं की वास कमी येतो."

तीन आठवडे मी एका पोटावर पानंच्या पानं लिहितोय. शेजारच्या ताटाबद्दल इथे एक ओळ नाही. आणि जे सूप मी 'बरं आहे' म्हणून दोनदा घेतलं तेच ही इतकी वर्षं गार झाल्यावर एकटी खात होती.

दूधवाल्याला फोन केला नाही.

२४ फेब्रुवारी

आज ग्लास काढलाच नाही. रांगेला सांगितलं — मला दूध पचत नाही, घरातलं दुसरं कुणीही पिणार नाही. कॅन उघडा आहे. वास घ्या, चाखा, पटलं तर घ्या. बरीच भांडी समोरच्या दुकानाकडे वळली. पेन्शनर थांबला. बाबांनी खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली.

ही खाली आली, काउंटरवर ग्लास शोधायला लागली. म्हटलं, लागणार नाही आता.

तिनं उरलेल्या रांगेकडे पाहिलं, बाबांच्या पाठीकडे पाहिलं. मग वर गेली आणि पुन्हा झोपली. ऊन काउंटरपर्यंत आलं तरी उठली नव्हती. मी उठवलं नाही.