उन्हात वाकलेल्या रेकॉर्ड

मंगळवार, संध्याकाळ

बाबांच्या रेकॉर्ड आज आईने धुऊन खळ्यात, आमसुलांशेजारी उन्हात घातल्या. ‘धूळ बसलली, म्हणान धुतलंय,’ म्हणाली. गोव्याचा कॅफेवाला त्या विकत घ्यायला येणार होता ना. तो येईपर्यंत सगळ्या वाकल्या. ‘आता वाजणार नाहीत. घड्याळं करून भिंतीवर लावतो,’ म्हणाला.

लोक पुन्हा रेकॉर्ड शोधत फिरतायत, नव्या निघतायत, आणि बाबांच्या गाण्यांची घड्याळं? नाही दिल्या. आता विकायच्याच नाहीत. दोन काचांमध्ये दाबून एकेक सरळ करणार, कितीही दिवस लागोत.

एक काच कपाटाची मिळाली. ‘दुसरी कुठली आणू?’ मी आईला विचारलं.

आई उठली. भिंतीवरची बाबांची तसबीर उतरवून माझ्यापुढे ठेवली.

‘हेची काच काढ,’ म्हणाली. ‘आणि उन्हात ठेवू नको.’