विंचवाच्या बाजूने

प्रिय चिमणे,

घरी सगळं ठीक आहे. दादाचा गुडघा बरा आहे, हट्ट तेवढा औषधाला दाद देत नाही. आज तुला तुझ्या या बापाचीच एक गोष्ट सांगते. तू तेव्हा पाळण्यात होतीस.

दादा नुकताच संपादकाच्या खुर्चीवरून उठून कायदेमंडळात गेला होता. कोट नवा, पण बोटांची शाई जुनीच. त्याच्यावर तुटून पडणारा दुसरा एक संपादक होता, त्याला आपल्या घरात सगळे ‘विंचू’ म्हणत. रोज सकाळी नांगी ठरलेली: दादा म्हणजे साहेबाच्या ताटाखालचं मांजर, दादा खुर्चीला भुलला. तुझी आई तो अंक चुलीत घालायची आणि दादा दुसरा मागवायचा.

मग इंग्रज सरकारने छापखान्यांना टाळं ठोकणारा कायदा आणला. पहिला घाव विंचवावर पडणार, हे उघड होतं. मी म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला!

चर्चेच्या दिवशी मी सज्जात बसले होते. दादा उठला, विंचवाचा अंक काढला आणि स्वतःवरच्या शिव्या खणखणीत आवाजात वाचू लागला. सभागृह खो-खो हसलं, साहेबसुद्धा मिशीत हसले. अंक खाली ठेवून दादा म्हणाला, “यातलं अक्षरही मला पटत नाही. पण हा माणूस गप्प झाला, तर माझ्या इथल्या बोलण्याला काडीची किंमत नाही.” हसू जागच्या जागी विरलं. लहानपणी अंधाराला भिऊन माझा हात धरणारा दादा तो हाच का, असं झालं मला.

कायदा व्हायचा तो झालाच. विंचवाच्या छापखान्याला टाळं लागलं. दादाने त्याला आपलं यंत्र वापरायला दिलं, तेव्हा आपल्या छापखान्यालाही टाळं लागलं. उमेदीची सगळी वर्षं ज्यात घातली, ते दार बंद झालं. मी धावत गेले, तर दोघे त्या बंद दारासमोर उभे राहून कडाकडा भांडत होते. कशावरून? अग्रलेखातल्या एका शब्दावरून!

चिमणे, ‘मंत्रिपदाने या पुढाऱ्याची धार गेली’ हा दादावरचा तुझा लेख छापून आल्यापासून तू घरी फिरकली नाहीस. कोणत्या तोंडाने जाऊ, असं तुला वाटत असणार. अगं, आल्यागेल्याला तो लेख वाचून दाखवतोय तो. “पोरगी चुकतेय, पण काय लिहिते!” म्हणतो आणि डोळे पुसतो. रविवारी जेवायला ये. फक्त माफी मागू नकोस. ती मात्र त्याला सोसायची नाही.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
आत्या