चवळीच्या वाफ्यातली माती

आई, आज परसात चवळीचं एक रोप उपटलं आणि मुळांवरच्या गाठी बघत तशीच बसून राहिले. ऊन कोवळं होतं, खाडीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं, आणि मला उगाच वाटत राहिलं की माडाच्या आळ्यापाशी पदर खोचून तुम्ही वाकलेल्या आहात. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच नाही.

वालावलला तुमची सून होऊन आले तेव्हा मी सातवी पास, आणि त्याचा तोरा काय विचारता! डोंगरउतारावर नवा तुकडा फोडलात की तुम्ही तळ्याकाठच्या जुन्या चवळीच्या वाफ्यातली मूठभर माती तिथे नेऊन टाकायचात. ‘नवे जमनीक जुने मातयेची ओळख करून देवची लागता गो.’ मी तोंडाला पदर लावून हसायचे. माती काय पाहुणी आहे? एकदाच रागावलात, चुलीपुढे भाकरी थापताना. ‘हसतंस कित्याक? तुझ्या पुस्तकात नाय म्हणान?’

मग साठ सालाच्या पुढे कधीतरी ग्रामसेवकांनी काळ्या भुकटीची ती पुडी दिली. यात डोळ्यांना न दिसणारे जिवंत जिवाणू आहेत, म्हणाले. बियाण्याला चोळले की मुळांवर गाठी धरतात, रोपाला हवेतूनच खत मिळतं, आणि मागाहून भातालाही पांढरं खत कमी लागतं. तुम्ही बियाण्यासाठी मडक्यात राखेत जपलेली चवळी काढून माझ्यापुढे ठेवलीत. ‘तू शिकलंस, तू वाच नि कर.’ घरात पहिल्यांदाच काही माझ्या शब्दावर ठरलं होतं.

भुकटी बियांना चिकटावी म्हणून मी गुळाचं पाणी उकळलं आणि त्या वाफाळत्या पाण्यातच पुडी ओतली. पुडीसोबतचा कागद पुन्हा वाचला तेव्हा दिसलं, ‘पाणी पूर्ण निवल्यावर घालावी.’ जिवंत होते तेवढे सगळे मी शिजवले होते! तुम्ही विहिरीवर होतात. मी मागच्या दारानं धावत सुटले, तळ्याकाठच्या तुमच्या वाफ्यातली माती ओंजळीनं आणली, निवलेल्या पाण्यात कालवली, बियांना चोळली आणि सूप सावलीत ठेवलं. भुकटीही काळी, मातीही काळसर. कुणाला कळणार?

ते बी पेरलेला तो सकाळचा उतार अजून स्वप्नासारखा समोर येतो. चवळी गुडघ्याएवढी झालीय, पानांवर दव आहे. तुम्ही रोप उपटता, मुळावरची गाठ नखानं फोडता, आत गुलाबी, ग्रामसेवकांनी जिवंत गाठीची खूण सांगितली होती तशी. ‘बघ गो,’ तुम्ही शेजारणीला हाक मारता, ‘माझ्या सुनेन केल्यान!’ त्याच दिवशी बियाण्याची सगळी मडकी तुम्ही माझ्या ताब्यात दिलीत. माझ्या माहेरच्या दागिन्यांपेक्षा मला त्यांचं अप्रूप होतं. पुढच्या साली नवा तुकडा फोडला तेव्हा तुम्ही रिकाम्या हातानं निघालात. मी विचारलं, माती? ‘आता माझी मूठ कित्याक? तुझी पुडी पुरे.’

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, मडकी परत जातील म्हणून. किती लहान मन होतं माझं! हा कागद कुठे धाडणार. चवळीच्या मडक्यात, राखेखाली ठेवते आहे.

आई, त्या पुडीनं काही केलं नव्हतं. त्यानंतर तुम्ही होतात तोवर दर पेरणीला तुमच्या वाफ्यातली मूठभर माती मीच नेत होते, तुमची पाठ वळली की.