जहाजावरची वेगळी चूल

१५ एप्रिल १९६२, अकोला

बा बोलत नाही.

काल गाडीतून उतरलो तेव्हा स्वतः टेशनावर आला होता. ट्रंक माझ्या हातातून ओढून घेतली. माझं मनगट चाचपून "वायला रे समुद्रावर," म्हणाला. जेवताना मी बातमी सांगितली. आमच्या जहाजावर हिंदी प्रवाशांसाठी वेगळं जेवणघर काढायचं कंपनीच्या मनात आहे. लहानसंच, वीसेक खुर्च्यांचं, पण चूल स्वतंत्र. कल्पना माझी. झालंच तर मुख्य स्वयंपाकी मी. इतकी वर्षं बटाटे सोलले, गोऱ्या चीफ कुकच्या शिव्या खाल्ल्या, आता हे. वाटलं, बा सुनेला म्हणेल, शांता, गूळ आण.

त्याने भाकर ताटात ठेवली. "म्हंजे आपल्या लोकायची चूल येगळी?"

"हो."

"कोन्ते आपले?"

मी त्याच्या ताटात वरण वाढलं. तेव्हापासून बा गप्प. कापसाच्या जिनाच्या फाटकावर ड्यूटीला जातो, येतो, खाटेवर पडतो. ऊन असं की भिंतीला हात लावता येत नाही.

१८ एप्रिल

शांता म्हणते, बांना नीट समजावून सांगा, हे कशातून निघालं ते. इथे लिहून पाहतो. म्हणजे सांगताना अडखळणार नाही.

मागच्या खेपेला वर्ध्याकडची एक मुलगी होती. नवं लग्न, नवरा लंडनला डॉक्टर. मांसमच्छी शिवायची नाही. सलूनमध्ये, म्हणजे बोटीच्या जेवणाच्या हालात, तिच्यापुढे काय यायचं? उकडलेला कोबी, उकडलेलं गाजर, वर पांढरा सॉस. गुरुवारी 'करी', म्हणजे हळदीच्या पाण्यात मटण. घरचे लाडू-लोणचं संपलं आणि एडन यायच्या आत तिने अंथरूण धरलं. मी चीफची नजर चुकवून मुगाची खिचडी टाकली. जिऱ्याच्या फोडणीचा वास थेट गोऱ्यांच्या केबिनींत. तक्रार आली. चीफने माझं पातेलं उचलून समुद्रात भिरकावलं. पण तोवर ती जेवली होती. रडत रडत जेवली.

"कुठले हो तुम्ही?"

"अकोल्याचा."

"मग माहेरचेच की!"

जात विचारली नाही. भुकेला माणूस विचारत नाही असं वाटलं तेव्हा.

खानपानाचे अधिकारी कर्णिकसाहेब. त्यांच्या कानावर गेलं, मला बोलावून घेतलं. म्हणाले, चूक तुझी नाही, चीफचीही नाही. जागाच नाही आपल्याकडे. तिथून हे सगळं.

२४ एप्रिल

साहेब मेलने नागपूरला चालले होते. गाडी थांबते तेवढ्यात अकोल्याला भेट असा निरोप होता. गेलो.

"मधुकर, काम जवळजवळ झालंय. अमरावतीला एक वकील आहेत. जूनमध्ये निघालेत, मुलाकडे लंडनला. त्यांच्या घरी तू एक जेवण करायचंस. याच बोटीने जाणारे आणखी दोघे-तिघे येतील. त्यांनी मान हलवली की वरच्यांची सही."

"करतो साहेब."

"आणि हे बघ. कार्डावर छापायचंय, ब्राह्मण महाराजांच्या हातचं भोजन. त्याशिवाय आपले लोक बसायचे नाहीत. तर तू माधव महाराज. पुढचं कोणी विचारत नाही."

मी म्हटलं, साहेब, ही तर फसवणूक. गार्डाची शिटी झाली.

"अरे, फसवणूक कसली? नाटकात माणूस राजा होतो, तसं." खिडकीतून कागदाची पुडी माझ्या हातात कोंबली. गाडी हलल्यावर उघडली.

जानवं.

२५ एप्रिल

शांताला दाखवलं. आधी हसली. "घालून दाखवा बरं." मग हसणं थांबलं. शाळेत शिकवायला जायची वेळ झाली होती तिची, पिशवी खांद्याला तशीच, उंबऱ्यात उभी राहिली.

"तुमी नाही म्हणाल तर ते खरा महाराज आणतील. मग तुमाले त्या चुलीजवळ उभं बी राहू देणार नाहीत. तुमीच काढलेली चूल."

हे मला सुचलं नव्हतं. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

बाला सांगायचं नाही असं ठरलं.

३० एप्रिल

बाला कळलं. शांतानेच सांगितलं. मी चिडलो तर म्हणाली, मले त्यायच्याशी खोटं बोलता येत नाही.

बा फाटकावरून आला, पाय धुतले, माझ्यापुढे बसला. एवढं सलग तो कधी बोलत नाही.

"तेल्हाऱ्याकडच्या गावात आमच्या हातचं पानी कोनी घे ना. मेलेलं ढोर ओढा अन् शियं खा. म्या ते सोडलं, जिनात आलो. छप्पन साली नागपूरहून आलो तवा घरचे देव नदीत टाकले. मांगं वयून पायलं नाई. अन् तू सूत गयात घालतं?"

"घातलं नाही बा अजून."

"अजून!"

म्हटलं, लोक उपाशी राहतात बोटीवर. बायका, म्हातारेकोतारे. त्यांच्यासाठी होतं हे.

"तूच सांगत होता ना, जहाजावर एकच सलून. बामन, मुसलमान, साहेब, समदे एका टेबलावर, एका पातेल्यातलं. कोनं रांधलं, कोनी पुसत नाई. मी चार लोकायले सांगत फिरलो, मायं पोरगं अशा ठिकानी हाय म्हून. अन् ते टेबल तूच तोडून रायला लेका!"

मी म्हटलं, एका टेबलावर उपाशी बसण्यात काय मोठेपणा? त्या टेबलावर सगळं साहेबाच्या चवीचं. आपण काय खातो ते त्यांना घाण वाटतं. माझं पातेलं समुद्रात फेकलं, ते समानतेसाठी फेकलं का?

आवाज वाढला होता माझा. शेजारचे दारात आले.

बा उठला. "मंग कर. पन मले सांगू नको काय करतं ते."

दोघांचंही खरं आहे, हेच तर अवघड.

४ मे

काही नाही. जानवं ट्रंकेत. बा बाहेर झोपतो. शांता दोघांना वेगवेगळं वाढते. आमच्याच घरात दोन पंगती झाल्या.

८ मे, अमरावती

शांताच्या भावाकडे उतरलो. सकाळी बाजारात जाऊन आंबे, ताक, डाळी. साहेबही इथे आलेत; त्यांना श्रीखंड-पुरी, पुलाव असं हवं होतं. मी म्हटलं, वऱ्हाडातल्या माणसांना वऱ्हाडातलं वाढू: गोळ्याची कढी, पातळभाजी, कोथिंबिरीची सांबारवडी, रस, पोळ्या. ते हो म्हणाले. त्यांचं लक्ष जेवणात नव्हतंच.

"पुडी आणलीस ना?"

"आणली."

उद्या सकाळी घालू की नको. घातलं तर काम माझं, चूल माझी, वर्ध्याच्या त्या मुलीसारख्या कितीतरी जणी पोटभर जेवतील. कोणाचं काय जातं? दोऱ्याने अंग भाजत नाही. मेव्हण्याला विचारलं. तो म्हणाला, भाऊ, बांना तोंड कसं दाखवाल? मी म्हटलं, बाला दाखवायचंय म्हणून नको. मला स्वतःला हवं की नको ते कळलं पाहिजे.

ते अजून कळलेलं नाही.

९ मे, अमरावती

झालं. 

जानवं घातलं नाही. पुडी खिशात होती. बंडी अंगात ठेवली, साहेबांनी डोळ्यांनी विचारलं, मी मान खाली घातली. त्यांना वाटलं आत आहे.

वकिलांच्या घरचा स्वयंपाक त्यांच्याच भांड्यांत. वकिलीणबाई मधूनमधून येऊन काय हवं नको बघत होत्या. भल्या बाई. "महाराज, पाट देऊ का बसायला?" प्रत्येक वेळी 'महाराज' ऐकलं की मी चुलीकडे तोंड फिरवायचो.

पानं मांडली. वकील, त्यांचे थोरले चुलतभाऊ, सगळे त्यांना काका म्हणत, ते याच बोटीने जाणारे. आणखी दोन गृहस्थ, आणि साहेब. मी कढी वाढली. काकांनी नुसती चाखली आणि डोळे मिटले. "वा! आईच्या हातची आठवली. असं मिळणार असेल तर समुद्र काय, कुठेही येतो."

साहेब माझ्याकडे पाहून हसले. त्या क्षणी मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, फार आनंद झाला.

"महाराज मूळचे कुठले?"

मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "तेल्हाऱ्याकडचे. जुनं भिक्षुक घराणं."

तेल्हारा. बाचं गाव. ढोरं ओढली ते गाव. साहेबांना बिचाऱ्यांना काय माहीत, मीच कधी बोललो असेन म्हणून त्यांच्या लक्षात राहिलं. पळी माझ्या हातात होती. कढीत बुडवली, वर काढली, परत बुडवली.

काका म्हणाले, "मग एखादा श्लोक होऊन जाऊ द्या, महाराज."

"मले येत नाही."

"येत नाही? भिक्षुकाच्या घरचे तुम्ही!"

"नाही जी. आमी बौद्ध आहो. मधुकर इंगळे माझं नाव."

आवाज माझाच होता, पण दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा.

काका उठले. हात धुतले नाहीत, तसेच खरकट्या हाताने बाहेर. दोन गृहस्थ एकमेकांकडे बघत राहिले, मग तेही उठले. त्यातला एक जाताना मला म्हणाला, "आधी सांगायचं होतं हो," अगदी हळू, जसं काही माझी चप्पल हरवली आहे आणि त्याला हळहळ वाटते. साहेब भिंतीकडे पाहत होते. वकील पानावर बसून. हात भातात. जेवतही नव्हते, उठतही नव्हते.  मग त्यांनी घास घेतला. मग दुसरा. पान संपवलं, आणि मी उभा होतो तोवर एकदाही वर पाहिलं नाही.

हात धुऊन म्हणाले, "माझं काही नाही. पण बोटीवर आमचे लोक... मी कसं सांगू?"

मागच्या अंगणात गेलो तर वकिलीणबाई शुद्धीसाठी भांड्यांत निखारे घालत होत्या. मला पाहून दचकल्या. "राग मानू नका हं. सासूबाई आहेत घरात." थोड्या वेळाने, निखाऱ्यांकडेच बघत, "कढी फार छान होती."

म्हणजे चाखली होती.

टांग्याने आम्ही टेशनावर आलो. साहेब म्हणाले, "तू घात केलास माझा. मी वरच्यांना शब्द दिला होता." मी पुडी त्यांना परत दिली. ती हातात धरून बसले. मग म्हणाले, "मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं, माहीत नाही." आणि उतरून गेले.

१२ मे, अकोला

बाला सगळं सांगितलं. शाबासकी देईल असं वाटलं होतं. दिली नाही.

"कोनी जेवलं?"

"वकील. पूर्ण पान."

"उठला नाई?"

"नाही."

पायाचं बोट चोळलं त्याने. "मंग तुयं काम?"

"गेलं समज."

"बटाटे?"

"तेही देतील की नाही कोण जाणे."

उठून आत गेला. शांताला म्हणाला, "आज मले याच्यासंगं वाढ." बस, एवढंच.

रागही आला मला. त्याचं म्हणणं राहिलं, माझं गेलं. हे इथेच लिहितो, त्याला सांगणार नाही.

१९ मे

बुद्धपौर्णिमा. वस्तीत वंदना, मग जेवण. खीर माझ्याकडे लागली. मोठ्या कढईत ढवळताना घामाने आंघोळ. पंगत बसली, कोण कोणाशेजारी काही नाही, पोरं मांडीवर, म्हाताऱ्या ओसरीवर. लोक म्हणत होते, जहाजाची खीर आहे, पाहा. मी हसत होतो, पण मन तिकडेच. चीफ मला परत दारात उभं करील का. माझ्या जागी कोणाला बोलावलं असेल.

शांता म्हणाली, "अकोल्यात काढा खानावळ." म्हटलं, इथे कोण येईल? ती म्हणाली, "तिथे कोण येनार होतं?"

२८ मे

साहेबांची तार. मुंबईला ये, जेवणघर मंजूर.

वकिलांनी कंपनीला कळवलं म्हणे की ते आणि बाई त्याच जेवणघरात जेवतील. काकांनी तिकीट दुसऱ्या बोटीचं केलं. साहेबांचं सविस्तर पत्र दुपारी आलं: कार्डावर महाराज नाही, जात नाही, नुसतं 'हिंदी भोजन'. पण कोणी विचारलं तर लपवायचं नाही, असं साहेबांनीच वरच्यांशी भांडून घेतलं. मला अपेक्षा नव्हती त्यांच्याकडून. एक सफर बघणार. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर चूल बंद आणि मी परत चीफच्या हाताखाली.

वकिलीणबाई आमच्या जेवणघरात जेवतील हे वकिलांनी लिहिलं. बाईंना विचारून लिहिलं की नाही, देव जाणे. देव नाही, तर मग कोण जाणे.

 आनंद आहे की भीती, वेगळं करता येत नाही.

२ जून

उद्याची गाडी. शांताने काळा मसाला कुटून दिला, सांबाराची पानं वाळवून दिली. ट्रंकेत कपड्यांना जागाच नाही. ती मला सारखी काही ना काही आठवण करून देते, म्हणजे रडायला वेळ नको.

संध्याकाळी बा ट्रंकेजवळ येऊन बसला. जेवणघर दिसतं कसं, विचारलं. सांगितलं: खिडक्या गोल, टेबलं जमिनीला ठोकलेली, पांढऱ्या चादरी.

"अन् तुमी रांधनारे कुठं जेवता?"

"आत, गॅलीत, म्हणजे रांधायच्या खोलीत. उभ्यानेच. वाढणारे सगळे तसेच."

"त्या हालात नाई?"

"नाही बा. नोकर लोक प्रवाशांच्या खुर्चीवर बसत नाहीत. गोरे असोत की काळे."

"समदे जेवून गेल्यावर बी नाई?"

कोणी कधी विचारलंच नाही, म्हटलं.

"मंग तू विचार." ट्रंकेचं झाकण त्याने दाबून लावलं, कडी बसेना, गुडघा ठेवून बसवली. "तुया साहेबाले विचार. एक डाव तरी बसून जेव तिथं. वकिलासमोर जेव."

मी कडीला कुलूप घातलं. साहेब आधीच माझ्यासाठी एवढं भांडलेत. त्यावर हे. नाही म्हणाले तर? आणि हो म्हणाले, मी वकिलांसमोर खुर्ची ओढली, आणि बाई उठल्या तर?

मुंबईपर्यंत विचार करायला वेळ आहे. विचारीन बहुतेक. पहिल्याच दिवशी विचारावं की एडन गेल्यावर, हे मात्र ठरत नाही.